आमच्या विहिरीचा जमाखर्च

(द्वितीय वर्ष, कला)



पर्यावरण हा विषय आपल्यापैकी बहुतेकांना परीक्षेपुरता ठाऊक असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली निकाल दिला आणि पुढे हा विषय शाळा-महाविद्यालयांतून सक्तीचा झाला. तेव्हापासून आपण ओझोनचा थर, हरितगृह परिणाम, शाश्वत विकास हे शब्द पाठ करीत आलो आहोत. मीही ते पाठ केले. ‘पुढच्या पिढ्यांच्या गरजा न डावलता आजच्या गरजा भागविणे म्हणजे शाश्वत विकास’ अशा अर्थाची व्याख्या १९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाने दिली, हे मी बारावीत दोन गुणांसाठी लिहिले होते. परंतु तिचा अर्थ मला कळला तो गेल्या वर्षी, आमच्या स्वतःच्या विहिरीच्या काठावर. तो कसा कळला हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

आमचे गाव भीमेच्या खोऱ्यात, पर्जन्यछायेच्या प्रदेशात आहे. पाऊस सरासरी ५०० मिलिमीटर, तोही लहरी. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे घरात कसलाही कागद आला की तो माझ्यापुढे येतो आणि कसलाही प्रश्न पडला की तोही माझ्यापुढेच येतो. गेल्या भाद्रपदात अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, असाच एक प्रश्न पुढे केला. ते म्हणाले, “पोरी, तू शिकलेली. आता तूच सांग, तिसरा बोअर कुठं मारायचा?”

आमचा पहिला बोअर २०१४ साली अडीचशे फुटांवर घेतला. त्याला दोन वर्षे पाणी टिकले. दुसरा २०१८ साली साडेचारशे फुटांपर्यंत नेला. त्यातून नुसता धुरळा निघाला. त्याचे कर्ज अजून पुरते फिटलेले नाही. आता सहाशे फुटांचा विचार चालला होता. पाणाड्या नारळ घेऊन शेतभर फिरून गेला होता आणि त्याने बांधाजवळची जागा दाखविली होती. पैसा उभा राहणार होता तो आईच्या गळ्यातील पोत मोडून. पाणी लागले तर दोन एकर कांदा; न लागले तर पोतही गेली आणि माझ्या वसतिगृहाचे पैसेही गेले. मी काहीच उत्तर दिले नाही. योगायोगाने त्याच आठवड्यात आमच्या भूगोलाच्या सरांनी पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी विषय मागितले. मी लिहून दिले : ‘माझ्या गावाच्या पाण्याचा जमाखर्च’.

जमिनीखाली काय आहे?

पुष्कळांची अशी समजूत असते की जमिनीखाली पाण्याच्या नद्या वाहतात आणि पुरेसे खोल गेले की त्या सापडतात. आमच्या गावाचीही तीच समजूत आहे. महाराष्ट्राच्या सुमारे चार-पंचमांश भूभागाखाली बसाल्ट हा काळा खडक आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाला पडलेल्या भेगांतून लाव्हा वाहत आला आणि थरांवर थर बसत गेले. विहीर खणणाऱ्या माणसांना हे थर पुस्तकाशिवाय ठाऊक असतात : वर माती, तिच्याखाली मुरूम, मग कोठे मांजऱ्या खडक आणि त्याखाली काळा पाषाण. पाणी साठते ते मुख्यतः मुरमात, झिजलेल्या खडकात आणि भेगा-सांध्यांत. अखंड काळ्या पाषाणात पाण्याला जागाच नसते. गंगेच्या खोऱ्यात वाळूचे व गाळाचे जाड थर आहेत, तेथे पाणी पुष्कळ मावते. आपल्याकडचे भूजल म्हणजे फडताळातील लहानसे भांडे आहे. ते दर पावसाळ्यात भरावे आणि दर उन्हाळ्यात बरेचसे रिकामे व्हावे, एवढीच त्याची कुवत.

खोल बोअरला कधी कधी भरपूर पाणी लागते, हेही खरे. परंतु ते पाणी बहुधा खोलवरच्या भेगांत वर्षानुवर्षे थोडे थोडे झिरपून साचलेले असते. विहिरीचे पाणी हे व्याज धरले, तर हे पाणी मुद्दल आहे. ते एक-दोन वर्षांत उपसून होते आणि पुन्हा भरण्यास फार काळ लागतो. शिवाय बोअरमध्ये वरच्या थरापुरती केसिंग नळी नीट बसविली नाही, तर मुरमातील पाणी त्याच छिद्रातून खाली उतरते आणि शेजारची उथळ विहीर कोरडी पडते. आमची विहीर माझ्या आजोबांनी सुरुंग लावून सात परस खोल नेली होती. तिला २०१४ पर्यंत चैत्रातही पाणी असे. आमच्याच पहिल्या बोअरनंतर ती माघातच तळाला जाऊ लागली. त्या वेळी या दोन गोष्टींचा संबंध असू शकेल, असे कोणाच्या ध्यानात आले नाही.

माझी आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर होती. तेथे मिळणारी सुकडी खाऊन तिने दिवस काढले. ती नेहमी म्हणते, “बहात्तरला खायला दाणा नव्हता, पण प्यायला पाणी होतं. आता दुकानात दाणा हाय, पण हंड्यात पाणी न्हाई.” हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. त्यात किती शास्त्र आहे, हे प्रकल्प करताना समजले. १९७२ साली पाणी मोटेने व थोड्याफार इंजिनांनी निघत होते. माणसाचे व बैलाचे बळ संपले की उपसा थांबत असे. पुढे वीज आली, पंप आले, खडक फोडणारी बोअरची यंत्रे आली. पाऊस होता तेवढाच राहिला. उपसण्याचे बळ मात्र अनेक पटींनी वाढले.

जमेची बाजू

आता प्रत्यक्ष हिशेब. तो कोणाही विद्यार्थ्याला करता येईल इतका सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे बरोबर एक लिटर पाणी पडते. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. आमच्या गावचे क्षेत्र सुमारे १,००० हेक्टर, म्हणजे एक कोटी चौरस मीटर. त्यावर ५०० मिलिमीटर पाऊस, म्हणजे ५०० कोटी लिटर पाणी. हा आकडा पाहून मीही हरखून गेले होते.

परंतु यातील बरेच पाणी ऊन आणि वारा घेऊन जातो, काही खरिपाची पिके व गवत पितात, काही ओढ्याने वाहून जाते. बसाल्टाच्या प्रदेशात जमिनीत खोल मुरते ते साधारणपणे दहाव्या हिश्श्याइतके; खडक कसा आहे यावर ते कमी-जास्त होते. म्हणजे आमच्या खात्यावर जमा झाले ५० कोटी लिटर. त्यातीलही काही ओढ्याला पाझरून निघून जाते. तेव्हा ५० कोटी ही कमाल मर्यादा समजावी.

खर्चाची बाजू

पहिला मान पिण्याच्या पाण्याचा. लोकसंख्या सुमारे १,५००. ग्रामीण नळयोजनेचे माणशी रोज ५५ लिटरचे प्रमाण धरले, तर वर्षाला तीन कोटी लिटर लागतात. मोठी जनावरे सुमारे ६००; रोज ५० लिटरप्रमाणे १ कोटी १० लाख लिटर. शेळ्या-मेंढ्या धरून एकूण खर्च सव्वाचार कोटींच्या आसपास जातो. आपण पाच कोटी बाजूला ठेवू. उरले ४५ कोटी लिटर. ते शेतीसाठी.

पिकाला पाण्याची एक पाळी द्यायची म्हणजे साधारण सहा सेंटिमीटर पाणी धरतात. एका हेक्टरला ते होते सहा लाख लिटर. रब्बी ज्वारीला किंवा हरभऱ्याला तीन पाळ्या मिळाल्या तरी पीक हाती येते. म्हणजे हेक्टरी १८ लाख लिटर. कांद्याला दहा पाळ्या धरल्या तर ६० लाख लिटर. मोकाट पाण्यावरच्या उसाला वर्षभरात तीस-बत्तीस पाळ्या जातात. म्हणजे जवळजवळ दोन कोटी लिटर.

आता भागाकार करून पाहा. आमच्या गावाचे ४५ कोटी लिटर पाणी उसाला दिले तर २२ हेक्टर ऊस होईल. कांद्याला दिले तर ७५ हेक्टर कांदा होईल. ज्वारी-हरभऱ्याला दिले तर २५० हेक्टर पीक उभे राहील. पाणी तेच आणि तेवढेच, परंतु त्यावर बावीस हेक्टर भिजवायचे की अडीचशे, हे ठरविणारा निसर्ग नव्हे, आपण आहोत.

पीकपाहणीच्या नोंदी पाहून आणि स्वतः शिवार फिरून मी गेल्या वर्षीची पिके मोजली. ऊस १२ हेक्टर, कांदा ५० हेक्टर, भिजवलेली ज्वारी व हरभरा ३० हेक्टर. त्यांना लागणारे पाणी अनुक्रमे २४ कोटी, ३० कोटी आणि साडेपाच कोटी लिटर, म्हणजे एकंदर साडेएकोणसाठ कोटी. जमा ४५, खर्च साडेएकोणसाठ. सुमारे साडेचौदा कोटी लिटरची तूट! ही तूट आम्ही भरून काढतो ती खोलवरचे मुद्दल उपसून. आणि ते हाती लागले नाही तर पीक अर्ध्यावर जळते. हा झाला सरासरी पावसाच्या वर्षाचा हिशेब. पाऊस ३०० मिलिमीटरवर आला तर जमा आणखी घटते. माणसांची व जनावरांची तहान मात्र एका लिटरनेही घटत नाही.

तुटीची ही रक्कम किती मोठी आहे? एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. मी तेव्हा पाचवीत होते. शाळेत गुरुजींनी ती बातमी वाचून दाखविली होती. दहा टाक्यांच्या त्या पहिल्या गाडीने सुमारे पाच लाख लिटर पाणी आणले. साऱ्या देशाने त्याचे कौतुक केले. ते पाणी एका हेक्टर कांद्याच्या एका पाळीलाही पुरले नसते. एका शेतात आपण एका रात्रीत जे सोडून देतो, तेवढ्यासाठी दुष्काळात आगगाडी आणावी लागते.

पाणी कोणाचे?

हिशेब तर झाला. मग लोक त्याप्रमाणे का वागत नाहीत? अडाणीपणामुळे, असे शहरातील माणसांना वाटते. मला तसे वाटत नाही. अण्णा अडाणी नाहीत. कांद्याला भाव मिळाला तर एका हंगामात कर्ज फिटते. ज्वारीवर ते फिटत नाही. कारखाना ऊस घेऊन जातो आणि उसाला दराची हमी असते. हरभऱ्याला हमीभाव जाहीर होतो. पण खरेदी केंद्र वेळेवर उघडेल याची हमी कोण देणार? तेव्हा ‘पीक बदला’ असा उपदेश करणे सोपे आहे.

दुसरे कारण अधिक खोल आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून आपल्याकडे जमिनीच्या मालकाला जमिनीखालच्या पाण्यावर हक्क आहे, असे मानले गेले. सातबारा ज्याचा, पाणी त्याचे. परंतु खडकातील भेगांना बांध ठाऊक नसतात. एका रांजणात दहा जणांनी तांबे बुडविले, तर जो हात आखडता घेतो तो तहानलेला राहतो आणि रांजण काही वाचत नाही. म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याच्या आधी खोल जातो. २००९ साली महाराष्ट्राने भूजलाचा कायदा केला आणि तो २०१४ पासून अमलात आला. त्यात शेतीसाठी ६० मीटरहून, म्हणजे सुमारे दोनशे फुटांहून, खोल विहीर घेण्यास मनाई आहे. आमचा दुसरा बोअर तर त्यानंतरचा आणि दुपटीहून खोल होता, हे येथे कबूल करणे भाग आहे. आमच्या आसपास कोणी हा नियम सांगितला नाही, आणि कोणी विचारलाही नाही.

ठिबक सिंचनाने प्रश्न सुटेल, असे मलाही वाटत होते. ठिबकाने पाणी वाचते यात शंका नाही. परंतु वाचलेल्या पाण्यावर आणखी एक एकर लावला, तर खात्यात काय शिल्लक राहिले? शेततळ्याचेही तेच. ते पावसाचे पाणी अडविण्यासाठी असावे; पण प्लास्टिक अंथरून त्यात बोअरचे पाणी उपसून ठेवले जाते आणि उन्हात त्याची वाफ होते. साधन चांगले असून भागत नाही. खर्चाला मर्यादा कोणी तरी घालावी लागते.

ज्यांनी मर्यादा घातली

अशी मर्यादा घालून घेणारी माणसे महाराष्ट्रातच होऊन गेली आहेत. १९७२ चा दुष्काळ पाहून विलासराव साळुंखे हे पुण्याचे अभियंते-उद्योजक पुरंदर तालुक्यातील नायगावला गेले. १९७४ मध्ये ग्रामगौरव प्रतिष्ठान स्थापन झाले आणि त्यातून पाणी पंचायतीचा विचार आकारास आला. पाण्याचे वाटप जमिनीच्या प्रमाणात करायचे नाही, घरातील माणसांच्या प्रमाणात करायचे. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढेच पाणी द्यायचे. ऊस लावायचा नाही. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा द्यायचा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. पन्नास वर्षांपूर्वीचे हे नियम वाचताना मी थक्क झाले. त्यात पाणी सातबाऱ्यापासून सोडवून माणसाला जोडले आहे.

दुसरे उदाहरण नगर तालुक्यातील हिवरे बाजारचे. तेथे पाऊस आमच्याहूनही कमी. श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली १९९० नंतर गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान हे मार्ग धरले. डोंगरावर समतल चर खोदले, बांध घातले. परंतु पाणी अडविणारी गावे इतरही आहेत. हिवरे बाजारचे वेगळेपण असे की आलेले पाणी कसे खर्चायचे, हे तेथे ग्रामसभेत ठरते. शेतीसाठी बोअर घेण्यास बंदी आहे. ऊस-केळीसारखी पिके घेत नाहीत. २००४ पासून दर वर्षी पाऊस व विहिरींची पातळी मोजून पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पाऊस कमी झाला तर जास्त पाण्याची पिके त्या वर्षी कमी होतात. शाश्वत विकासाची व्याख्या गावच्या फळ्यावर खडूने लिहिली तर ती अशीच दिसेल.

मग काय झाले?

माझा हिशेब मी आधी घरी वाचून दाखविला. अण्णांनी तो दोनदा वाचावयास लावला. नंतर ते बराच वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, “म्हणजे पाणी लागलं तरी ते आपलं न्हाई, असंच ना?” त्या साली बोअरचा विचार त्यांनी पुढे ढकलला. कांदा अर्ध्या एकरावर आणला, बाकीच्या रानात ज्वारी व हरभरा केला. पोत आईच्या गळ्यात राहिली.

मी एकोणीस वर्षांची, म्हणजे मतदार. आणि म्हणून ग्रामसभेची सभासद. तेथेही मी कागद वाचला. वाचताना हात थरथरत होते. ऐकून घेतले सगळ्यांनी. एक वडीलधारे म्हणाले, “पोरीनं आकडे बरे मांडले. पण पहिला कोण थांबणार?” याचे उत्तर मला देता आले नाही. बोअरबंदीचा ठराव झाला नाही. एवढेच ठरले की शाळेच्या छपरावर पर्जन्यमापक बसवायचा, गावातील दहा विहिरींची पातळी मोजायची आणि आकडे चावडीच्या फळ्यावर लिहायचे. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे अशा चार वेळा मोजते. तेच महिने आम्ही धरले आहेत. काम शाळेतील नववी-दहावीची मुले करतात.

माघ महिन्यात आमच्या बांधापलीकडे बोअरचे यंत्र येऊन उभे राहिले. रात्रभर त्याची घरघर चालली होती. तीनशे ऐंशी फुटांवर त्यांना पाणी लागले, पेढे आले. अण्णांनी पेढा घेतला आणि माझ्याकडे पाहून विचारले, “आता काय म्हणतोय तुझा हिशेब?”

त्या प्रश्नाने मला रात्री झोप लागली नाही. हिशेब चुकला नव्हता. तो एका घराचा हिशेब नव्हताच, साऱ्या गावाचा होता. एका घराने पाळून तो जुळणार नव्हता. अण्णांनी वाचविलेले पाणी शेजारच्या कांद्याला गेले असेल. परंतु शेजाऱ्यालाही कर्ज आहे आणि मुली आहेत. त्याला दोष देऊन मला काय मिळणार? पुढच्या ग्रामसभेला अण्णा स्वतः माझ्याबरोबर येणार आहेत, आणि शेजारच्या काकांनाही घेऊन येऊ म्हणाले आहेत. एवढीच माझी आजपर्यंतची प्रगती.

मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळ जण अशाच गावांतून एस.टी.ने येथे येतात. माझी विनंती आहे की पर्यावरणाचा प्रकल्प बाजारातून उतरवून घेऊ नका. एक दोरी, एक दगड, एक वही आणि गावचे क्षेत्रफळ एवढे साहित्य पुरे आहे. दोरीला दगड बांधून विहिरीत सोडा, पाणी किती खाली आहे ते लिहा, चार महिन्यांनी पुन्हा लिहा. आपल्या गावची जमा किती व खर्च किती, ते मांडा. माझ्या आकड्यांत चुका असतील तर गुरुजनांनी त्या जरूर दाखवाव्यात. मी सुधारून पुन्हा ग्रामसभेत वाचेन. जमाखर्चाच्या वहीत शेवटी लिहितात, तेच मीही लिहिते : चूकभूल द्यावी घ्यावी.